वेबसाइटसाठी होस्टिंग कसं निवडावं: गोव्यातल्या छोट्या धंद्यांसाठी आणि संस्थांसाठी

होस्टिंग म्हणजे साइटच्या फाइली ठेवायला सर्व्हरवर, म्हणजे सतत इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर, भाड्यानं घेतलेली जागा. होस्टिंग कंपनीच्या पानावर तीन-चार रंगीत चौकटी असतात आणि मधल्या चौकटीवर ‘सर्वांत लोकप्रिय’ असा बिल्ला. बहुतेक जण तीच चौकट दाबून पैसे भरून मोकळे होतात. ते पान सध्या बंद ठेवा आणि कागद घ्या.

पहिली पायरी: तीन प्रश्नांची उत्तरं लिहा

साइट काय काम करणार? लोक कधी आणि कुठून येणार? तिची देखभाल कोण करणार?

डिचोलीतल्या नाट्यमंडळाला नाटकांची यादी, फोटो आणि फोन नंबर एवढंच दाखवायचं असतं. मोरजीतल्या होमस्टेला खोल्यांची उपलब्धता आणि बुकिंगचा अर्ज लागतो. सत्तरीतल्या काजूवाल्याला ऑर्डर, पैसे आणि कुरिअरचा हिशेब ठेवावा लागतो. या तिघांना एकच होस्टिंग विकणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरा प्रश्न आपल्याकडे जास्त महत्त्वाचा, कारण गोव्यात गर्दी हंगामी असते. होमस्टेची साइट ऑक्टोबर ते मार्च चालते, मानकुराद आंबेवाल्याची एप्रिल-मे. देवस्थानाची साइट वर्षभर शांत असते. जत्रेच्या दिवशी मात्र पालखी कधी आणि रात्रीचं नाटक किती वाजता, हे सगळे एकदमच बघतात. तेव्हा महिन्याची सरासरी काढत बसू नका, सगळ्यात गर्दीचा तास कोणता ते लिहा.

दुसरी पायरी: स्टॅटिक साइटवर भागतंय का ते पाहा

मजकूर क्वचितच बदलत असेल आणि लॉगिन, ऑर्डर असं काही नसेल, तर साइट तयार पानांची म्हणजे स्टॅटिक करा. गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस, नेटलिफाय यांच्याकडे अशी साइट फुकट ठेवता येते. गिटहबवर साइटचा आकार १ जीबीपर्यंत आणि महिन्याची डेटाची वाहतूक साधारण १०० जीबीपर्यंत असावी अशी अपेक्षा असते. ऑनलाइन दुकान मात्र तिथे चालत नाही. डेटाबेस, म्हणजे साइटमागचा माहितीचा साठा, नसल्यानं हॅक होण्याची भीती कमी, आणि जत्रेची गर्दीही सहज पेलते. चौकशीसाठी गूगल फॉर्म किंवा व्हॉट्सअॅपची लिंक पुरते. अडचण एकच: मजकूर बदलायला थोडी माहिती असलेला माणूस हवा.

नाट्यमंडळं, भजनी मंडळं, वाचनालयं यांना याहून जास्त काही लागत नाही असं माझं मत आहे. पण फुकटात होतं म्हणून कोणी सुचवत नाही!

तिसरी पायरी: शेअर्ड होस्टिंग घेताना बारीक अक्षरं वाचा

साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या तयार प्रणालीवर) हवी असेल तर पीएचपी (ती ज्या भाषेत चालते ती) आणि डेटाबेस लागतो, आणि छोट्या धंद्याला शेअर्ड होस्टिंग पुरेसं होतं. यात एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात, म्हणून ते स्वस्त पडतं.

‘अनलिमिटेड’ या शब्दावर जाऊ नका. जागा अमर्याद असली तरी फाइलींची संख्या, प्रोसेसरचा वापर आणि एका वेळी चालणाऱ्या प्रक्रिया यांवर मर्यादा असते. फाइलींच्या मर्यादेला ‘आयनोड लिमिट’ म्हणतात. ईमेलही त्याच होस्टिंगवर असेल तर बहुधा प्रत्येक मेल ही एक फाइल धरली जाते. जुने मेल साचत जातात आणि एके दिवशी साइटवर फोटोसुद्धा चढत नाही. विकत घेण्याआधी हा आकडा विचारा.

गर्दीत मर्यादा ओलांडली की बऱ्याच ठिकाणी ५०८ क्रमांकाची चूक दिसते आणि पान उघडतच नाही. अशा वेळी महागडा प्लॅन घ्यायची घाई नको. आधी कॅशिंगचं प्लगइन (तयार पान साठवून तेच पुन्हा दाखवणारी जोडणी) बसवा, फोटो लहान करा, पुढे सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) लावा. मोबाइलमधून काढलेला पाच-सहा एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो, खरं दुखणं पुष्कळदा तिथंच असतं.

किंमत बघताना पहिल्या वर्षाचा नाही, नूतनीकरणाचा दर बघा. तो दुप्पट-तिप्पट असू शकतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा आणि तीन वर्षांचा एकूण खर्च काढून मगच तुलना करा.

चौथी पायरी: व्हीपीएस किंवा क्लाउड खरंच हवं का?

दुकान रोज चालतंय, ऑर्डरी अडकताहेत आणि कॅशिंग करूनही भागत नाही, अशा वेळी व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरमधला तुमच्यासाठी वेगळा काढलेला भाग. त्यात प्रोसेसर आणि मेमरीचा ठरावीक वाटा तुमचा असतो, पण ‘अनमॅनेज्ड’ घेतलंत तर सुरक्षेचे अपडेट, बॅकअप, फायरवॉल सगळं तुमच्या गळ्यात. ते करणारा माणूस नसेल तर जास्त पैसे देऊन मॅनेज्ड घ्या.

क्लाउडमध्ये, म्हणजे लागेल तेवढाच सर्व्हर भाड्यानं घेण्याच्या सोयीत, हंगामात ताकद वाढवून नंतर कमी करता येते, आंबेवाल्याला हे सोयीचं. बिल मात्र वापरावर येतं. बजेटची सूचना लावून ठेवा, आणि ती सूचना फक्त कळवते, खर्च थांबवतेच असं नाही, हेही ध्यानात असू द्या. अख्खा सर्व्हर भाड्यानं घेण्याचा विचार या लेखाच्या वाचकानं करू नये.

विक्ससारख्या बिल्डरमध्ये (साइट जुळवून देणाऱ्या सेवेत) होस्टिंग आतच असतं आणि काम झटपट होतं. पण उद्या ती साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. आणि ऑफिसातल्याच संगणकावर साइट ठेवू म्हणणाऱ्यांनी आपल्याकडचा जून-जुलै आठवावा.

पाचवी पायरी: सर्व्हर कुठे आहे ते विचारा

गिऱ्हाईक गोव्यातलं, महाराष्ट्रातलं असेल तर मुंबईतलं डेटा सेंटर निवडा. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला प्रत्येक विनंतीला सुमारे पाव सेकंद जातो आणि एका पानासाठी अशा अनेक विनंत्या होतात. पाहुणे युरोपातून बुकिंग करत असतील तर सर्व्हर मुंबईतच ठेवून सीडीएन लावा.

सहावी पायरी: पैसे भरण्याआधी

डोमेन (साइटचं नाव-पत्ता) आणि होस्टिंग शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणी घ्या, आणि दोन्ही खाती धंद्याच्या किंवा संस्थेच्या ईमेलवर उघडा. साइट बनवणारा पोरगा बोटीवर कामाला जातो, डोमेन त्याच्या खासगी मेलवर असतं आणि मुदत संपते तेव्हा तो भर समुद्रात असतो. गोव्यात ही गोष्ट नवलाची नाही.

९९.९ टक्के अपटाइम (साइट चालू राहण्याचं प्रमाण) म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं साइट बंद राहिली तरी कंपनीनं शब्द पाळला, असा हिशेब आहे. बॅकअप रोज होतो का आणि तो परत चढवायचे पैसे पडतात का, हे लेखी विचारा. प्रश्न रविवारी रात्री विचारा, म्हणजे सपोर्टचीही परीक्षा होते.

आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका. १५,००० रुपयांवरच्या रकमेला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ओटीपी लागतो, आणि परदेशी कंपन्यांकडे भारतीय कार्डावरचं ऑटो-पेमेंट बऱ्याचदा अडतं. मुदतीची तारीख दोघांच्या कॅलेंडरात महिनाभर आधी टाका.

पहिल्यांदा एकच वर्षाचं घ्या, चार वर्षांची सवलत कितीही दिसली तरी. पैसे परत मिळण्याची मुदत संपायच्या आत साइटवर मराठी मजकूर टाकून बघा, बॅकअप घ्या आणि तो पुन्हा चढवा. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली तर डेटाबेसची सेटिंग चुकली आहे. सपोर्टकडून ती ‘यूटीएफ८एमबी४’ करून घ्या, आणि त्यांना हे काय ते कळत नसेल तर पैसे परत मागा.