हिटमॅन पहिल्यांदा खेळताय? बंदूक राहू द्या, आधी एक चक्कर मारून या

स्टेल्थ गेम हा आपला प्रांत नाही असं मला कित्येक वर्षं वाटायचं, कारण साधं आहे, मला धीर नाही. पेटीमागे बसा, गार्ड वळायची वाट बघा, दोन पावलं सरका, परत बसा आणि शेवटी कुणीतरी बघितलं की सगळं पहिल्यापासून, हे असलं काम दिवसभर राबून आल्यावर कोण करणार! तरी हिटमॅन घेतला, ह्यात आपण 47 नावाचा भाडोत्री मारेकरी असतो, आणि पहिल्या तीन संध्याकाळी सडकून मार खाल्ला. चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की अरे, ह्यात लपायचं नसतंच मुळी, लोकांच्या नाकासमोरून आपल्याच बापाचं घर असल्यासारखं चालत जायचं असतं. मग मजा यायला लागली. तर माझ्यासारखे अधूनमधून खेळणारे जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, एक्स्पर्ट लोकांनी हसून सोडून द्यावं.

घ्यायचा कुठला, तर वर्ल्ड ऑफ असॅसिनेशन. आयओ इंटरॅक्टिव्ह ही डेन्मार्कची कंपनी, त्यांचा पहिला हिटमॅन 2000 साली आला होता, पण तो आता शोधत बसू नका. 2016, 2018 आणि 2021 चे तीन भाग जानेवारी 2023 पासून ह्या एकाच नावाखाली आणलेत, सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं.

आधी ट्रेनिंग करा, स्किप करू नका. मी स्किप केलं आणि पस्तावलो. एक बोट असते, म्हणजे बोटीचा नुसता लाकडी सेट असतो, त्यात माणसाला मागून कसं बेशुद्ध करायचं, कपडे कसे बदलायचे, बॉडी कुठे कोंबायची हे सगळं शिकवतात. अर्ध्या तासात उरकतं.

मग पॅरिस. खरा गेम इथे सुरू होतो. एका मोठ्या राजवाड्यात फॅशन शो चालू आहे, टार्गेट दोन, व्हिक्टर नोविकोव्ह आणि डालिया मार्गोलिस. आता इथे माझं म्हणणं ऐका, पहिली वीस मिनिटं कुणालाही हात लावायचा नाही. सूट घालून आलाय ना, पाहुणे आहात, तळमजल्यावर तुम्हाला कुणी अडवत नाही. फिरा. बारपाशी उभे राहा, लोक काय बोलतात ते ऐका, बोलता बोलता कुणीतरी एखादी गोष्ट सांगून जातो आणि स्क्रीनवर मिशन स्टोरी उघडते, ती चालू केली की गेम स्वतःच बोट धरून नेतो. काही लोक ह्याला चीटिंग म्हणतात. म्हणू देत, पहिल्या वेळेला बोट धरलं तर काही बिघडत नाही.

फिरताना मुख्य काम एकच, टार्गेटच्या मागे मागे जायचं, थोडं अंतर ठेवून, आणि तो कुठे जातो, कुठे थांबतो, बॉडीगार्ड त्याला कधी एकटा सोडतो हे बघायचं. हे लोक घड्याळासारखे फिरतात. एक फेरी पूर्ण झाली की तीच परत. मी नोविकोव्हच्या दोन फेऱ्या बघितल्या आणि तोपर्यंत जो माणूस मला अशक्य वाटत होता तो एकदम शेजारच्या काकांसारखा वाटायला लागला, आता हा इथे थांबणार, आता ड्रिंक घेणार, आता तिकडे वळणार. सगळी किल्ली ह्यात आहे, बाकी नंतरचं.

आता कपडे. जिथे पाहुण्याला जाऊ देत नाहीत तिथे वेटर जाऊ शकतो, जिथे वेटर जाऊ शकत नाही तिथे सिक्युरिटीवाला जातो, अशी चढती भाजणी असते. तेव्हा एकटा सापडलेला वेटर, मागून गाठा, बेशुद्ध करा, कपडे घाला, आणि बॉडी लगेच कपाटात किंवा मोठ्या पेटीत टाका. एका पेटीत दोनच बसतात, तिसऱ्याला जागा नसते हे मला तिसऱ्याला ओढत आणल्यावर कळलं. बेशुद्ध माणूस आपणहून उठत नाही, पण कुणी बघितला तर तो त्याला उठवतो आणि मग बोंबाबोंब. माणसाला मारायची गरज नाही हं, टार्गेट सोडून कुणालाही मारलं तर रेटिंग गेलं.

तसं गणवेश घालून गार्डला फसवणं हे काही नवीन नाही, 1981 च्या कॅसल वुल्फेन्स्टाइनमध्येसुद्धा गणवेश सापडायचा आणि तो घातला की पहारेकरी जाऊ द्यायचे. फक्त इथे त्या एका युक्तीवर अख्खा गेम उभा केलाय.

कपडे बदलले म्हणजे सुटलात असं नाही. काही जणांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो, हे लोक तुम्हाला ओळखतात, कारण त्या वेषातली माणसं त्यांच्या रोजच्या बघण्यातली असतात. वेषानुसार हे ठिपकेवाले बदलतात. ठिपकेवाला दिसला की त्याच्याकडे पाठ करून दुसरी वाट धरा, किंवा भांडी पुसणं, झाडू मारणं असलं काही काम करायची जागा असेल तर तिथे उभे राहून कामाला लागा, तो शेजारून निघून जातो. इन्स्टिंक्टचं बटण दाबून ठेवलं की टार्गेट भिंतीपलीकडूनही लाल दिसतं, ते सारखं वापरा, लाज बाळगू नका. कुणी तुमच्याकडे बघायला लागला की स्क्रीनवर मध्ये एक पांढरी कड भरत जाते, कुठल्या बाजूने बघतोय ते त्यावरून कळतं. ती भरायला लागली की नवा माणूस पळतो. चोराच्या मनात चांदणं! मीही पळायचो आणि पळत थेट बंद भागात घुसायचो, तिथे दुसराच गार्ड उभा. पळू नका, त्याच्या नजरेतून बाजूला व्हा, तो विसरतो.

नाणं हे सगळ्यात मस्त हत्यार आहे, सुरुवातीलाच खिशात असतं. दारात एक गार्ड उभा आहे, हलतच नाही, तर तुम्ही कोपऱ्यात जाऊन नाणं फेका, खण्ण झालं की तो मान वळवतो, मग येतो बघायला, तेवढ्यात तुम्ही त्याच्या मागून आत. फक्त दोन गार्ड शेजारी असतील तर घाई करू नका, एकाला ओढलं तरी दुसरा तिथेच असतो आणि त्याचे डोळे शाबूत असतात. एकदा मी नाणं चुकून पाच जणांच्या मधोमध टाकलं, पाचही जण त्याच्याकडे बघत उभे, आणि मी कुणालातरी ओढत नेत होतो. त्या दिवशी तिथेच बंद करून झोपलो.

मारायचं कसं? बंदूक शेवटचा उपाय. अपघात घडवायची संधी दिसली तर उत्तम, कारण अपघातातली बॉडी सापडली तरी सायलेंट असॅसिन, म्हणजे गुपचूप काम उरकल्याचं रेटिंग, जात नाही. सोपा प्रकार सांगतो. उंदीर मारायचं औषध शोधा, टार्गेट जे पिणार आहे त्यात टाका, त्याला मळमळायला लागतं, तो बाथरूम गाठतो, कमोडवर वाकतो, आणि तुम्ही दाराआड आधीच उभे. पुढचं सांगत नाही. औषध टाकताना मात्र कुणी बघत नाही ना ते दोनदा तपासा, मी टाकलं आणि मागे वेटर ट्रे घेऊन उभाच होता. आणि कॅमेऱ्यात आलात तर रेकॉर्डिंग नष्ट करायला लागतं, नाहीतर तिथेही रेटिंग कापतात.

सेव्ह करा. प्रत्येक चांगल्या टप्प्यानंतर करा. कॅज्युअल आणि प्रोफेशनल ह्या अवघडपणाच्या दोन लेव्हलला हवे तितके सेव्ह मिळतात, मास्टरला अख्ख्या मिशनमध्ये एकच, तिकडे आत्ता फिरकू नका. पण दर वेळी पकडले गेलात की लगेच लोड करू नका असंही सांगेन. दोन मिनिटं निभावून बघा, कपडे बदला, दुसऱ्या मजल्यावर जा, शोधाशोध थंडावते. लोड करत बसलात तर तेच दार पंधरा वेळा बघाल आणि कंटाळाल.

आणि पॅरिस संपलं की लगेच पुढे जाऊ नका, परत खेळा. एकाच जागेची मास्टरी, म्हणजे ती जागा तुम्हाला किती पक्की झाली त्याची पातळी, 20 पर्यंत वाढते, त्यात सामान आणि सुरुवात करायच्या नवीन जागा मिळत जातात. दुसऱ्या वेळी मी हेल्मूट क्रूगरची स्टोरी धरली. हा मॉडेल, आणि दिसायला हुबेहूब आपल्या 47 सारखा, टक्कलासकट. त्याला बेशुद्ध केलं, त्याचे कपडे घातले, मेकअप करून घेतला, आणि थेट रॅम्पवर. दिवे अंगावर, दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर माणसं, आणि हा भाडोत्री मारेकरी चेहऱ्यावरची रेघही न हलवता सगळ्यांसमोरून चालतोय, टोकाला जाऊन थांबतोय, वळतोय. माझ्या हाताला घाम, त्याला काही नाही. खाली उतरलो तर डालिया मार्गोलिसच्या भेटीचं बोलावणं, ज्या मजल्यावर जायला मी तीन संध्याकाळी डोकं फोडलं होतं तिथे आता गार्ड स्वतः वाट देतायत.