समुद्राच्या पाण्यावर एसी: आधी इमारतीचा डेल्टा-टी बघा

खोल समुद्राच्या थंड पाण्यावर इमारती गार करायच्या कामात येऊ बघणारी मुलं हमखास विचारतात, 900 मीटरवरून पाणी ओढायला पंप केवढा लागेल? त्याची धास्ती नको. पाइपाचं खालचं तोंड समुद्रातच उघडं, म्हणून पाणी जवळपास समुद्रसपाटीपर्यंत चढलेलंच असतं. पंपाचं भांडण मुख्यतः घर्षणाशी.

गोची इमारतीत आहे, आणि मीही तिथेच अडकलो होतो. समुद्राचं पाणी येतं साधारण 5 अंशांना. टायटॅनियमच्या प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (दोन्ही पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र) इमारतीचं पाणी 7 ला निघतं, ते 12.5 ला परत यायला हवं. हा 5.5 अंशांचा फरक म्हणजे डेल्टा-टी. तेव्हा कुठे थंडाव्याच्या एका टनामागे 2.4 जीपीएममध्ये (मिनिटाला गॅलन) भागतं. पण एएचयूवर (थंड पाण्याच्या कॉइलवरून हवा फिरवणारं यंत्र) जुने थ्री-वे व्हॉल्व्ह (नको असलेलं थंड पाणी कॉइल टाळून थेट परतीत सोडणारे) असले, कॉइल मळलेली असली किंवा कुणी बायपास उघडा ठेवला, की परतीचं पाणी 10 च्याही खाली. डेल्टा-टी निम्मा, फ्लो दुप्पट. समुद्राचं पाणीही मग अर्धवट तापूनच बाहेर जातं, म्हणून तेही जास्त ओढावं लागतं. नेहमीच्या प्लांटमध्ये आणखी एक चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लावून वेळ मारून नेता येते. इथे समुद्रात टाकलेल्या पाइपाचा व्यास कोण वाढवणार? त्याच पाइपातून दुप्पट पाणी म्हणजे घर्षण चौपट, पंपाची वीज आठपट. कशासाठी केला होता एवढा खटाटोप?

डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. डेल्टा-टी 5.5 टाइप केलं की ते मुकाट मान डोलावतं. माझं मत विचाराल तर डिझाइनवाल्या साहेबांपेक्षा प्लांट रूममधला जुना ऑपरेटर गाठा. कुठला व्हॉल्व्ह गळतो ते त्याला तोंडपाठ असतं.

आता कडू गोष्ट. मुंबईत हे काम मिळणार नाही. समोरचा समुद्र शेकडो किलोमीटर उथळच आहे. फ्रेंच पॉलिनेशियातल्या बोराबोराच्या इंटरकॉन्टिनेंटल थॅलासो हॉटेलात 2006 पासून ही यंत्रणा चालते, कारण बेटाबाहेर तळ लगेच खोल जातो. तळ सोयीचा असूनही पुरतंच असं नाही. होनोलुलूचा मोठा प्रकल्प खर्च वाढल्यामुळे 2020 मध्ये गुंडाळला. आपल्याकडे लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला 2005 पासून खोल पाणी वर येतं, पण ते गोडं पाणी करण्यासाठी.

तरी घाबरू नका. डिस्ट्रिक्ट कूलिंगमध्ये (एकाच प्लांटमधून अनेक इमारती गार करणं) हेच डोकं लागतं. जवळच्या एखाद्या हॉस्पिटलच्या किंवा मॉलच्या प्लांटमध्ये परवानगी काढा आणि सप्लाय-रिटर्नचं तापमान तासातासाला टिपायला लागा. दुपारचे आणि पहाटेचे आकडे शेजारी ठेवून बघा; पहाटे लोड उतरल्यावर डेल्टा-टी कोसळत असेल, तर थ्री-वे व्हॉल्व्हपासून शोधायला सुरुवात करा.