पावसाळी बंदीत आउटबोर्ड इंजिन ठेवण्यापूर्वी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि होडीमागे लावायचे लहान आउटबोर्ड इंजिन हे ६१ दिवस पडवीत पडून राहते. आत साचलेले मीठ आणि शिळे पेट्रोल याच मुक्कामात त्याचे खरे नुकसान करतात.

प्रथम पंखा काढावा आणि गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन असे उभे करावे, की पंख्याच्या वरची आडवी पट्टी पूर्ण बुडेल. गियर न्यूट्रलमध्ये ठेवून ते मंद गतीने १० ते १५ मिनिटे चालवावे. दोन मिनिटांत उरकण्याचा मोह होतो. परंतु थर्मोस्टॅट (तापमानानुसार थंडाव्याचे पाणी सोडणारी झडप) असलेल्या इंजिनात तो तापल्यावरच उघडतो आणि तोवर सिलिंडरभोवतीचे मीठ पुरते धुऊन निघत नाही. बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक असेल, तर छिद्र तारेने मोकळे करावे. तरीही ती वाढली नाही, तर पंपातील रबरी चक्र तपासावे. हे चक्र पाण्याविना काही क्षणांतच जळते, त्यामुळे ‘नुसते सुरू होते का पाहू’ म्हणून कोरडे इंजिन कधीही ओढू नये.

पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोलही काढावे. नळी काढून इंजिन आपोआप बंद पडू देण्याची पद्धत सर्रास दिसते, पण टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने पेट्रोलबरोबर तेही संपते, म्हणून ती मला पटत नाही. त्यानंतर प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे आणि दोरी दोन-तीनदा हळू ओढावी.

गियर ऑइल आताच बदलावे, हंगामाच्या तोंडावर नव्हे. ते दुधाळ दिसले, तर सीलमधून पाणी शिरले आहे असे समजावे. पुष्कळदा पंख्यामागे दांड्याला गुंडाळलेला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) सील कापतो. नवे ऑइल खालच्या छिद्रातून वर चढवावे, वरून वाहू लागले की आधी वरचा आणि मग खालचा स्क्रू लावावा. इंजिनाऐवजी स्वतः झिजून त्याला गंजापासून वाचवणारा जस्ताचा ठोकळा निम्मा झिजला असेल तर बदलावा, मात्र त्याला रंग लावू नये. रंगाखाली तो निरुपयोगी ठरतो.

शेवटी इंजिन लाकडी घोडीवर उभेच ठेवावे, म्हणजे आतले पाणी निथळते, आणि वर प्लास्टिकऐवजी सुती कापड टाकावे.