फ्रेममध्ये पाणी शिरतं कुठून?

खानापूर-जांबोटीच्या पावसात लोखंडी सायकल चालवत असाल, तर एकदा सीटचा दांडा उपसून ती उलटी धरा. तांबूस पाणी गळलं, तर पहिला संशय सीटखालच्या चिरेवर घ्या. सीटचा दांडा घट्ट धरणारा क्लॅम्प आवळता यावा म्हणून फ्रेमच्या नळीत ठेवलेली ही चीर बहुतेक सायकलींना मागच्या बाजूला असते. मडगार्ड नसेल तर चाकाचं पाणी थेट तिथेच उडतं. खात्री करायची तर फ्रेम पूर्ण वाळवा, जुन्या ट्यूबचा तुकडा दांड्यावर चढवा, दांड्याला ग्रीस लावून तो बसवा आणि तुकडा चिरेवर ओढून घ्या. पुढच्या पावसानंतर कोरडी निघाली, तर वाट सापडली. नाहीतर बाटलीच्या स्टँडचे स्क्रू तपासा. फ्रेमच्या खालच्या बाजूची बारीक भोकं मात्र बुजवू नका, आतलं पाणी तिथूनच निथळतं.