शोधसूत्रांत एकच शब्द पुन्हा आला तर

कोकणावर रचलेल्या शब्दकोड्यात समुद्र आणि किल्ले येणारच. दोन शोधसूत्रांत ‘समुद्र’ हाच शब्द दिसला की लगेच काही लिहू नका, आधी चौकटी मोजा. जोडाक्षराला एकच चौकट लागते. दर्या आणि सिंधू दोन चौकटींचे, रत्नाकर चारचा. खरी अडचण तीनची, कारण सागर, अर्णव, जलधी, उदधी असे चार उमेदवार. सवयीने ‘सागर’ आधी सुचतो आणि बरीच खाडाखोड त्यामुळेच होते. मधल्या चौकटीतून जाणारा उभा शब्द आधी सोडवा. तो ‘निर्णय’ असून ‘र्ण’वर छेदत असेल, तर या चौघांत अर्णवच बसतो.

किल्ल्यांचं उलटं. तिथे उत्तरांचा शेवट सारखा असतो. किल्ल्यांची दोन-तीन सूत्रं असतील तर शेवटच्या दोन चौकटींत ‘दु’ आणि ‘र्ग’ पेन्सिलने टाका, पण ‘मार्ग’, ‘निसर्ग’ असा छेदणारा शब्द मिळेपर्यंत ते पक्कं धरू नका. जयगडही चारच चौकटींचा आहे. हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि वाघोटन खाडीच्या मुखावरचा विजयदुर्ग पाच-पाच. चारमध्ये मालवणचा सिंधुदुर्ग, रत्नागिरीचा रत्नदुर्ग, मुरूडजवळचा पद्मदुर्ग असे तिघे बसतात, म्हणून सूत्रातलं गाव नीट वाचा.

ऱ्हस्व-दीर्घही पाहा. सुटा ‘सिंधू’ दीर्घ, तो ‘साधू’शी जुळतो, सिंधुदुर्गातला ‘धु’ ऱ्हस्व, तिथे ‘साधुसंत’ चालेल.