आपलं काम पुण्यात टिकेल का, हे कसं ओळखावं

खराडीतल्या एका परदेशी कंपनीच्या अकाउंट्समध्ये मी अकरा वर्षं काढली. शेवटची चार ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका देशातलं काम उचलून दुसऱ्या देशात बसवायचं. नवीन मुलं विचारतात, "ताई, हे काम इथे राहील ना?" मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवते.

कंपनी अख्खं खातं क्वचितच हलवते. ती कामाचे तुकडे करते. तुम्हीही तेच करा. 'पेमेंट बघतो' असं मोघम नको. बिल आलं, पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि जीआरएनशी (माल मिळाल्याची पावती) जुळवलं, दर चुकला म्हणून खरेदीवाल्याला फोन केला, इतकं बारीक लिहा. मग एकेका ओळीला विचारा: हे याच टेबलावर का?

'इथे कंपनीला पगार कमी द्यावा लागतो म्हणून' एवढंच उत्तर असेल तर ती ओळ लाल करा. उद्या आणखी स्वस्त गाव मिळेल, नाहीतर सॉफ्टवेअर.

घड्याळही बघा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. महिनाअखेरचे हिशेब त्यांच्या रात्रीत करून ठेवायला हे सोयीचं. पण त्यांच्याशी दिवसभर बोलायचं असेल तर आपल्याकडे रात्रपाळी आणि कॅब आली. अशा कामाला मध्य अमेरिकेतलं कोस्टा रिका जवळचं. जर्मन बोलणारी माणसं हवी असतील तर पोलंडमधलं क्राकोव.

त्याच कोस्टा रिकात इंटेलने 1996 साली कारखाना काढायचं ठरवलं. 2014 मध्ये चिपची जुळणी आणि चाचणी आशियात न्यायचं जाहीर झालं, सुमारे 1500 नोकऱ्या गेल्या. इंजिनिअरिंगचं काम मात्र तिथेच राहिलं.

आमच्याकडे एका सप्लायरची बिलं दर महिन्याला अडायची. पीओ नगात, माल किलोत. एका किलोत किती नग बसतात, हे टीममधल्या एकाच मुलीला पाठ होतं. काम हलवताना केटी (नव्या टीमला काम शिकवणं) झाली, एसओपी (कामाची लेखी पद्धत) लिहिली, ही गोष्ट कुठेच आली नाही; ती लिहून घेणं माझं काम होतं. नव्या देशात बिलं तुंबली आणि तिलाच परत बोलावावं लागलं. आपल्या कागदावर अशा ओळी शोधा, आणि साहेबांकडे त्याच प्रकारचं काम मागा.

नवी नोकरी घेताना मुलाखतीत दोन प्रश्न विचाराच. हीच टीम आणखी कुठल्या देशात आहे? आणि अडलेलं बिल सोडायचा अधिकार पुण्यात कुणाला आहे?