मुलाखतीला जाण्याआधी: इंग्रजी विशेषण आणि त्याचा जोडीदार

मुलाखत कुपवाडच्या एमआयडीसीत असो की पुण्यात, 'पुढे काय करायचं ठरवलंय' हा प्रश्न येतोच. सांगलीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचं इंग्रजी नेमकं तिथे अडखळतं. विशेषण बरोबर आठवतं, पण त्याच्या मागून येणारं प्रेपोझिशन चुकतं. नीट केलं तर तयारीला पंधरा दिवस पुरतात. एक वही, निळं आणि लाल पेन आणि आवाज रेकॉर्ड करणारा फोन, एवढं हाताशी ठेवा.

पहिल्या दिवशी वीसच विशेषणं निवडा, पण एकटी लिहू नका. 'ऑप्टिमिस्टिक अबाउट' हा एकच शब्द आहे असं समजून लिहा आणि एका दमात म्हणा. अकारविल्हे यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका. मनात आधी मराठी वाक्य तयार होतं आणि त्यातला प्रत्यय इंग्रजीत घुसतो, चूक तिथून सुरू होते. म्हणून वहीत दोन पानं ठेवा. मराठी जिथे साथ देते ते निळं, जिथे फसवते ते लाल.

निळं पान अर्ध्या तासात उरकतं. कामात रस म्हणजे इंटरेस्टेड इन, पावसावर अवलंबून म्हणजे डिपेंडंट ऑन, परीक्षेसाठी तयार म्हणजे रेडी फॉर, पुराची भीती म्हणजे अफ्रेड ऑफ, यशाची खात्री म्हणजे शुअर ऑफ, हंगामाबद्दल आशावादी म्हणजे ऑप्टिमिस्टिक अबाउट. प्रत्यय आणि प्रेपोझिशन इथे हातात हात घालून चालतात.

लाल पानाला मात्र चार-पाच दिवस द्या. आपण 'नोकरीची काळजी' म्हणतो म्हणून तोंडातून 'वरीड ऑफ' निघतं. हवं असतं वरीड अबाउट. 'निकालावर खूश'मधला 'वर' ऑन होऊ पाहतो; बरोबर आहे प्लीज्ड विथ. 'कामासाठी सक्षम'चं केपेबल फॉर होतं, पाहिजे केपेबल ऑफ. 'शिकायला उत्सुक' म्हणताना कीन फॉर लर्निंग नको, कीन ऑन लर्निंग हवं. आणि 'स्वतःवर विश्वास' हा सगळ्यात महागात पडणारा: कॉन्फिडंट ऑन मायसेल्फ असं कुणी म्हणत नाही, कॉन्फिडंट इन मायसेल्फ म्हणतात. प्रत्येक चुकीसमोर तिला जन्म देणारं मराठी वाक्यही लिहा. कारण डोळ्यांसमोर असलं की चूक लवकर सुटते.

आता एकाच विशेषणाचे वेगवेगळे जोडीदार. माणसावर किंवा क्षमतेवर भरवसा असेल तर कॉन्फिडंट इन, ठरावीक फळ मिळण्याची खात्री असेल तर कॉन्फिडंट ऑफ, एकूण परिस्थितीविषयी निर्धास्त असाल तर कॉन्फिडंट अबाउट. अफ्रेडचं तर जोडीदार बदलला की सगळं बदलतं. पाऊस लागला की आयर्विन पुलाजवळची 40 फुटांची इशारा पातळी आणि 45 फुटांची धोका पातळी सगळ्यांच्या तोंडी असते. तेव्हा आपण कृष्णेच्या पुराला घाबरतो ते अफ्रेड ऑफ, आणि नदीकाठी राहणाऱ्या मावशीचं काय होईल म्हणून जीव टांगणीला लागतो ते अफ्रेड फॉर. एक्सायटेडच्या मागे काहीजण फॉर लावतात, अमेरिकी बोलण्यात ते ऐकूही येतं. मुलाखतीत अबाउटच ठेवा, त्याला कुणी हरकत घेणार नाही. मात्र एक्सायटेड आणि एक्सायटिंग यांची अदलाबदल करू नका. संधी एक्सायटिंग असते, तुम्ही एक्सायटेड असता.

आठव्या दिवसापासून पुढचा शब्द तपासा. प्रेपोझिशननंतर क्रियापद आलं तर ते आयएनजी लावूनच येतं: इंटरेस्टेड इन वर्किंग, केपेबल ऑफ हँडलिंग. गोंधळ होतो तो 'टू'मुळे, कारण टू दोन प्रकारचा आहे. ओळखायची सोपी खूण अशी, की टूच्या पुढे 'दिवाळी' ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी' जमतं, म्हणून तिथे वर्किंग. 'लाइकली टू दिवाळी' जमत नाही, म्हणून तिथे नुसतं वर्क. ईगर टू, बाउंड टू हे लाइकलीच्याच घरचे. आणि पुढे 'दॅट' घालून पूर्ण वाक्य येणार असेल तर प्रेपोझिशन गळून पडतं: आय ॲम कॉन्फिडंट दॅट आय विल लर्न. इथे 'कॉन्फिडंट ऑफ दॅट आय विल' म्हणणारे खूप आहेत.

नामांकडेही एकदा बघून घ्या. द्राक्षाचे किंवा हळदीचे पुढचे दिवस कसे असतील हे सांगताना प्रॉस्पेक्ट्स फॉर, पुण्याला जाण्याची शक्यता सांगताना प्रॉस्पेक्ट ऑफ मूव्हिंग. 'इन फाइव्ह इयर्स' म्हणजे पाच वर्षांनी. पाच वर्षांच्या आत म्हणायचं असेल तर विदिन.

दहाव्या दिवसापासून वही मिटून बोला. विषय घरचे घ्या: तासगावच्या बेदाण्याचा भाव, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस पडला तर बागेचं काय, कारखान्याचं उसाचं बिल, तुमची पहिली नोकरी. रोज तीन विषय, प्रत्येकावर दोन मिनिटं, फोनवर रेकॉर्डिंग. ऐकताना उच्चार, वेग वगैरे सोडून द्या. फक्त विशेषणापाशी थांबा आणि मागे काय आलं ते टिपा. एकच जोडी तीनदा चुकली तर ती वापरून पाच नवी वाक्यं लिहा. प्रश्नही विचारून घ्या, कारण प्रश्नात प्रेपोझिशन शेवटी जातं: 'व्हॉट आर यू वरीड अबाउट?' शेवटचा अबाउट ऐकू आला नाही तर उत्तरही त्याच्याशिवाय येतं.

मुलाखतीच्या सकाळी वीसच्या वीस जोड्या उजळत बसू नका. मिरजेहून गाडी पकडायची असेल तर गाडीत लाल पान एकदाच वाचा आणि स्वतःविषयीची तीन वाक्यं हळू आवाजात म्हणा. आत बोलताना चूक झालीच तर माफी मागत थांबू नका. 'केपेबल फॉर' निघून गेलं, तर पुढच्याच वाक्यात 'केपेबल ऑफ' वापरून बोलणं चालू ठेवा.